छापील इलेक्ट्रॉनिक्स : चौरस मीटरचा धंदा

उरण-पनवेलकडच्या माणसापुढे 'जासई' म्हटलं की त्याला आधी दि. बा. पाटील आठवतात. दिबांचं गाव ते. मग आठवतो जानेवारी १९८४. सिडकोनं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण गेले. नवी मुंबईतली साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या आंदोलनातून आली. पुढे २६ मे १९८९ ला शेजारी न्हावा-शेव्याला जेएनपीटी बंदर सुरू झालं आणि जासईवरून जाणारा रस्ता कंटेनरच्या ट्रेलरांचा झाला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला. शिवडीहून निघालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल समुद्र ओलांडून या बाजूला उतरतो, तेव्हा त्याचा एक इंटरचेंज लागतो तो जासईजवळच.

आता तुम्ही म्हणाल, सुट्टीच्या सकाळी हा इतिहास-भूगोलाचा तास कशाला? तर मुद्दा असा. त्या पुलावर टोल भरायला गाडी थांबवावी लागत नाही. बूथ नाही, आडवा दांडा नाही, 'सुट्टे द्या' नाही. गाडी आपल्या वेगात जाते, वरच्या कमानीतला रीडर काचेवरचा स्टिकर वाचतो आणि पैसे कापले जातात. तो स्टिकर म्हणजे फास्टॅग. गेल्या पंचवीस वर्षांत ज्या तंत्रज्ञानानं सगळ्यात मोठी स्वप्नं दाखवली आणि सगळ्यात जास्त कंपन्या बुडवल्या, त्या 'प्रिंटेड इलेक्ट्रॉनिक्स'ची सबंध गोष्ट या एका स्टिकरमध्ये वाचता येते. आज तीच वाचू या. (मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सेमीकंडक्टरचे दोन पेपर दिलेत, त्यामुळे एवढा अधिकार आपला आपणच घ्यायचा :-))

म्हणजे काय, तर...

कल्पना अगदी साधी आहे. शाईत रंगाऐवजी चांदीचे कण, कार्बन किंवा सेमीकंडक्टर घालायचा आणि लग्नपत्रिका छापतो तसं सर्किट छापायचं. स्क्रीन प्रिंटिंगनं, ग्रॅव्ह्यूरनं, नाहीतर इंकजेटनं. आणि छापायचं प्लॅस्टिकवर, कागदावर, काचेवर किंवा सिरॅमिकवर. चिप बनवायला धूळमुक्त कारखाना लागतो, हजारभर अंश तापमानाच्या भट्ट्या लागतात, व्हॅक्यूम लागतो. छापखान्याला यातलं फारसं काही लागत नाही. कालनिर्णयच्या प्रती घरोघरी पोचवता येतात, तर सर्किट का नाही? इतकं सरळ वाटतं ते.

आणि ही कल्पना नवीनही नाही. व्हिएन्नाचा पॉल आयझलर हा ज्यू इंजिनिअर. १९३६ साली तो इंग्लंडला आला. छापखान्याच्या कामाची त्याला आधीपासून माहिती होती. रेडिओच्या आतलं तारांचं जंजाळ पाहून त्याला वाटलं, हे छापता का येऊ नये? त्यानं तसा रेडिओ बनवूनही दाखवला. त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे : एका कंपनीनं त्याला सांगितलं की तारा जोडायचं काम आमच्याकडे मुली करतात, त्या तुमच्या यंत्रापेक्षा स्वस्त पडतात! १९४३ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. त्याची युक्ती नीट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा लागणार आहे. तो तांबं छापत नव्हता. आधीच चिकटवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तो फक्त संरक्षक शाई छापायचा. मग आम्लात बुडवलं की शाईखालचं तांबं राहतं आणि बाकीचं विरघळून जातं. आज आपण ज्याला पीसीबी म्हणतो, त्यातला 'प्रिंटेड' हा शब्द इथून आला.

खरीखुरी वाहक शाई छापली ती अमेरिकनांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी, लक्ष्याजवळ पोचताच आपोआप फुटणाऱ्या गोळ्यांच्या फ्यूजसाठी सेंट्रलॅब या कंपनीनं सिरॅमिकच्या पट्टीवर चांदीच्या शाईच्या रेषा आणि कार्बनचे रेझिस्टर छापले. आणि १९६४ मधलं उदाहरण तर आयटीवाल्यांनी पाठच करावं असं आहे. आयबीएमचा सिस्टिम/३६०, ज्याच्या वंशजांवर काही बँकांचे व्यवहार अजूनही चालतात, त्याच्या आतल्या अर्धा इंची सिरॅमिक मॉड्यूलवर रेषा आणि रेझिस्टर स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेले होते. ट्रान्झिस्टर मात्र छापलेले नव्हते. ते सिलिकॉनचे होते, वेगळे बनवून वर बसवलेले.

रेषा छापा, ट्रान्झिस्टर चिकटवा. १९६४ मधला हा श्रमविभाग कुणी मुद्दाम सिद्धांत म्हणून मांडला नव्हता. पण पुढच्या साठ वर्षांत ज्यानं ज्यानं तो मोडायला बघितला, त्याचं काय झालं ते आता पाहू.

नोबेल, नोटा आणि निकाल

१९७७ मध्ये हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी दाखवून दिलं की प्लॅस्टिकसुद्धा वीज वाहून नेऊ शकतं. त्यासाठी २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डॉटकॉमचा फुगा नुकता फुटत होता, गुंतवणूकदार नव्या गोष्टीच्या शोधात होते, आणि ही गोष्ट तर हातात आयती आली. विरघळणारा सेमीकंडक्टर! म्हणजे शाई! म्हणजे छापा!

२००० मध्येच केंब्रिजमधून प्लॅस्टिक लॉजिक निघाली. २००८ मध्ये तिनं जर्मनीत ड्रेस्डेनला कारखाना उघडला. जानेवारी २०१० मध्ये तिनं 'क्यू' नावाचा मोठ्या पडद्याचा ई-रीडर जाहीर केला, किंमत ६४९ डॉलरपासून पुढे. तीनच आठवड्यांत स्टीव्ह जॉब्जनं ४९९ डॉलरपासून सुरू होणारा आयपॅड दाखवला. ऑगस्टमध्ये क्यू रद्द झाला. तो बाजारात आलाच नाही.

२००१ मध्ये निघालेली कोनार्का प्लॅस्टिकवर सौरघट छापणार होती. तिच्या संस्थापकांत खुद्द नोबेलविजेते हीगर होते. पण सिलिकॉनचे पॅनेल इतक्या वेगानं स्वस्त झाले की २०१२ मध्ये कोनार्कानं दिवाळं काढलं. जपानच्या जेओलेडनं इंकजेटनं ओलेड पडदे छापायचा प्रयत्न केला. मार्च २०२३ मध्ये तीही दिवाळखोरीत गेली.

आपल्या स्टिकरच्या सगळ्यात जवळची गोष्ट नॉर्वेच्या थिनफिल्मची. १९९९ मध्ये एमआयटीत ऑटो-आयडी सेंटर सुरू झालं. त्याच्या संस्थापकांपैकी एक संजय सरमा. त्यांचं लक्ष्य होतं पाच सेंटांचा आरएफआयडी टॅग. तेवढा स्वस्त झाला की जगातल्या प्रत्येक खोक्यावर बारकोडऐवजी टॅग लागेल, असं गणित. २००३ मध्ये वॉलमार्टनं आपल्या बड्या शंभर पुरवठादारांना सांगून टाकलं की जानेवारी २००५ पर्यंत टॅग लावा. तेव्हा प्रिंटेडवाल्यांचं म्हणणं असं : सिलिकॉन पाच सेंटांवर अडेल, आम्ही अख्खा टॅग चिपसकट छापू आणि एका सेंटात देऊ. अमेरिकेतली कोव्हिओ ही कंपनी सिलिकॉनच्याच शाईनं ट्रान्झिस्टर छापायची. २०१४ मध्ये थिनफिल्मनं तिचं तंत्रज्ञान विकत घेतलं. २०१५ मध्ये जॉनी वॉकर ब्लू लेबलची 'स्मार्ट' बाटली दाखवली गेली. फोन जवळ नेला की बाटली उघडलेली आहे की सीलबंद, ते कळणार. बातम्या झाल्या, फोटो आले, कॅलिफोर्नियात मोठी जागाही घेतली गेली. पण हा धंदा काही उभा राहिला नाही. थिनफिल्म बॅटऱ्यांकडे वळली आणि २०२१ मध्ये तिनं नावही बदललं.

हे सगळे लोक मूर्ख होते का? अजिबात नाही. मग सगळ्यांचा पाय एकाच दगडाला का अडखळला?

दोन वेगळे भाव

माझ्या मते याचं उत्तर एका ओळीत येतं. छपाई चौरस मीटरला स्वस्त आहे, सिलिकॉन ट्रान्झिस्टरला स्वस्त आहे. हे दोन वेगळे भाव आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

हिशेब करून बघा. छापलेली रेघ साधारण पन्नास मायक्रॉन रुंद धरू. टॅगच्या चिपमधली रेघ पन्नास नॅनोमीटरच्या आसपास धरू. म्हणजे एका दिशेत हजारपट फरक. लांबी-रुंदी दोन्ही धरली तर क्षेत्रफळात दहा लाखपट. छपाई चौरस मीटरमागे कितीही स्वस्त असो, एका ट्रान्झिस्टरला दहा लाखपट जागा लागत असेल तर सगळा फायदा तिथेच संपतो. वर छापलेल्या सेंद्रिय सेमीकंडक्टरमध्ये विद्युतभार सिलिकॉनच्या मानानं शेकडो पटींनी मंद पळतो. आणि हजार ट्रान्झिस्टर छापले तर हजारच्या हजार चालायला हवेत. लग्नपत्रिकेत एखादं वेलांटीचं टोक फिकट आलं तर वऱ्हाडी येतातच, सर्किटमध्ये तसं चालत नाही.

शिवाय सिलिकॉन एका जागी थांबून राहिलं नाही. प्रिंटेडवाले ज्या 'पाच सेंटांच्या भिंती'वर पैज लावून बसले होते, ती भिंत सिलिकॉननं सहज ओलांडली. चिप लहान होत गेली, एका वेफरमधून जास्त निघू लागली. आज कपड्यांच्या दुकानातल्या साध्या टॅगची किंमत काही सेंटांवर आली आहे, आणि २०२३ या एका वर्षात अशा टॅगच्या चिप जगभर चार हजार कोटींहून जास्त विकल्या गेल्या. वॉलमार्टचा पहिला प्रयत्न रखडला असेल, पण सरमांचं गणित खरं झालं. फक्त ते खरं करून दाखवलं सिलिकॉननं.

आता नाण्याची दुसरी बाजू. जिथे ट्रान्झिस्टर लागतच नाही, नुसती जागा भरायची आहे, तिथे छपाईनं गाजावाजा न करता राज्य केलं आहे.

घरात कुणाला मधुमेह असेल तर ग्लुकोमीटरच्या पट्टीचं टोक निरखून बघा. त्यावरचे इलेक्ट्रोड बहुतेक वेळा स्क्रीन प्रिंटिंगनंच छापलेले असतात. १९८७ पासून हा प्रकार बाजारात आहे. आपण रोज बडवतो त्या साध्या कीबोर्डच्या आत प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर चांदीच्या शाईच्या रेषा असतात. गाडीच्या मागच्या काचेवर धुकं घालवायला ज्या आडव्या रेघा असतात, त्याही छापलेल्या. आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे सोलर पॅनेल. सिलिकॉनच्या प्रत्येक घटावर दिसणारी बारीक रुपेरी जाळी हे चांदीच्या लेपाचं स्क्रीन प्रिंटिंग आहे. जगातल्या चांदीच्या एकूण मागणीत सौरघटांचा वाटा आज दहा टक्क्यांच्या वर गेला आहे! कोनार्काला अख्खा सौरघट छापायचा होता आणि ती बुडाली. ज्यांनी फक्त त्यावरच्या रेघा छापल्या ते तरले.

आता तो स्टिकर

बाद झालेला जुना फास्टॅग हाताशी असेल तर उजेडात धरून बघा. धातूची नागमोडी नक्षी दिसते, ती अँटेना. तिच्या मध्यावर मोहरीहून लहान काळा ठिपका असतो, ती चिप. बॅटरी नाही. रीडरकडून येणाऱ्या रेडिओलहरींतूनच अँटेना ऊर्जा गोळा करते, चिप जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. भारतात यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्येच परवानामुक्त झाला होता.

या स्टिकरमध्ये श्रमविभाग कसा आहे? चिप सिलिकॉनची, वेगळी बनवून वाहक गोंदानं चिकटवलेली. अँटेनाला मात्र लांबी-रुंदी लागते, लहरी पकडायच्या तर ती लहान करून चालत नाही. म्हणजे चौरस मीटरचा भाव. ती चांदीच्या शाईनं थेट छापता येते, पण चांदी महाग. म्हणून बहुतेक टॅगमध्ये प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवतात, त्यावर संरक्षक शाईची नक्षी छापतात आणि उरलेला धातू रसायनानं खाऊन टाकतात. ओळखलंत का? आयझलरची १९४३ ची युक्ती, जशीच्या तशी. फक्त तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम.

बाजार कसा उभा राहिला, हेही बघण्यासारखं आहे. टोलसाठी कुठलं तंत्रज्ञान घ्यावं हे ठरवायला नंदन निलेकणींची समिती नेमली गेली होती. तिनं २०१० मध्ये हाच बिनबॅटरीचा, स्वस्त टॅग सुचवला. २०१४ मध्ये अहमदाबाद-मुंबई मार्गावर प्रयोग झाला. पण लोकांनी तो घाऊक प्रमाणात घेतला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर सक्ती झाल्यावर, टॅग नसेल तर दुप्पट टोल बसू लागल्यावर. जेएनपीटीतही तेच. जुलै २०१६ पासून तिथे कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावून त्यांचा माग ठेवायला सुरुवात झाली. २०१७ च्या अखेरीस निर्यातीच्या कंटेनरसाठी कस्टम्सनं आरएफआयडीवालं ई-सील आणलं. ते एकदाच वापरायचं, दर खेपेला नवीन. या बंदरातून आता वर्षाला सत्तर लाखांहून अधिक कंटेनरांची (वीस फुटी मापानं) ये-जा होते. नुसता स्वस्त माल असून भागत नाही मंडळी, 'लावलाच पाहिजे' म्हणणारा कुणीतरी लागतो. 'फोन लावला की बाटली बोलते' ही हौस झाली. टोल ही गरज आहे. हौसेवर कारखाना चालत नाही.

मग आपल्यासाठी यात काय?

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा दीड लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असं जाहीर झालं. आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि तो प्रकल्प कुठेच झाला नाही. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये धोलेऱ्याला टाटांच्या ९१ हजार कोटींच्या फॅबला मंजुरी मिळाली. हे आकडे बघितले की कळतं, चिप हा खेळ फार थोड्यांचा आहे. तो खेळ आपल्याकडे यावा असं मलाही वाटतं. पण त्याची वाट बघत बसताना दुसऱ्या भावाकडे, चौरस मीटरच्या भावाकडे, कुणी बघतच नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

अँटेना, इलेक्ट्रोड, हीटर, सेन्सरच्या पट्ट्या, सौरघटांचे लेप ही कामं फॅबची नाहीत, छापखान्याची आणि रसायनांची आहेत. आणि या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राला नव्या नाहीत. पुण्यात केंद्र सरकारची सी-मेट ही संस्था आहे, तिथे जाड थराच्या छपाईसाठी लागणाऱ्या लेपांवर वर्षानुवर्षं काम होतंय. तळोजा, पाताळगंगा, रसायनी हा रसायनांचा पट्टा जासईपासून तासा-दीड तासाच्या आत आहे. माल उतरवायला बंदर दारात आहे, आणि टॅगचं गिऱ्हाईक तर रोज दारावरूनच जातं.

उगाच स्वप्न विकत नाही. यात नफा पैशा-पैशाचा असतो आणि चिपवाला आपला वाटा आधी काढून घेतो. लाखात एक टॅग खराब निघाला तरी गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून कुणी 'आम्ही अख्खा कॉम्प्युटर छापतो' म्हणत आला तर त्याच्यात पैसे घालू नका आणि नोकरीलाही जाऊ नका. पण 'आम्ही एकच पट्टी छापतो, रोज दहा लाख, आणि ती घेणारा ठरलेला आहे' असं म्हणणारा भेटला, तर त्याचं बोलणं कंटाळवाणं वाटलं तरी बसून ऐका. छापील इलेक्ट्रॉनिक्सनं आजवर पैसा कमावला आहे तो अशा कंटाळवाण्या लोकांकडेच.

आणि जासईचं काय? जमीन या पट्ट्यातल्या गावांची, बंदर आणि पूल त्यांच्या शिवारात, ट्रेलरची धूळही त्यांच्याच वाट्याला. टोलनाक्यावर पूर्वी निदान पावती फाडायच्या नोकऱ्या तरी असायच्या, न थांबता टोल कापणाऱ्या पुलावर त्याही नाहीत. (आयझलरच्या वेळी मुली यंत्रापेक्षा स्वस्त होत्या, आता हिशेब उलटा झालाय.) दिबांच्या आंदोलनाचं सार मला असं वाटतं : जमिनीची नुसती किंमत नको, तिच्यावर जे उभं राहील त्यात वाटा हवा. १९८४ मध्ये तो वाटा भूखंडात मोजला गेला, कारण तेव्हा मोजण्यासारखं तेच होतं. आज त्या जमिनीवरून जाणाऱ्या प्रत्येक काचेवर आणि कंटेनरवर एक टॅग आहे. त्याची चिप जासईत बनणार नाही, हे खरंच आहे. पण अँटेना छापायला, चिकटवायला, तपासायला हजारो कोटींची फॅब लागत नाही. आयटीआय शिकलेली मुलं लागतात, चांगली यंत्रं लागतात आणि एक ठरलेलं गिऱ्हाईक लागतं. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट तिथे आजही आहे.

असो. पुढच्या शनिवारी भेटू. तोवर कीबोर्ड बिघडलाच तर फेकण्याआधी एकदा उघडून बघा.